सुलटी झाली, उलटी राहिली

लेकीच्या, अक्षराच्या साखरपुड्याला जाताना आपली दाढी आपणच करायची, असं श्रीमंतराव ढगे यांनी ठरवलं आणि पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं. निर्णय एवढासा होता. यापेक्षा मोठे निर्णय माणूस सकाळी घेतो आणि संध्याकाळी विसरूनही जातो. पण श्रीमंतरावांची दाढी ही काही साधीसुधी बाब नव्हती.

नांदेडच्या एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क असलेला हा माणूस स्वभावानं मऊ. इतका मऊ, की शिपायाला पाणी आणायला सांगायचं तरी "जमलं तर बघा, नाहीतर मीच उठतो" असं म्हणणार आणि शेवटी स्वतःच उठणार. देवानं त्यांच्या वाट्याचा सगळा कडकपणा दाढीत घालून टाकला होता. केस जाड, राठ आणि कुणाचं न ऐकणारे. गालावरचे खाली वाढायचे, गळ्यावरचे वर चढायचे, हनुवटीवरचे मनाला येईल तिकडं जायचे. शिवाय जबड्याखाली दोन बाजूंना दोन भोवरे. (डोक्यावर दोन भोवरे असले तर दोन बायका मिळतात म्हणे. जबड्याखालच्यांना एकच मिळते आणि ती ऐकून घेत नाही.)

तरोडा नाक्यावरच्या सलूनवाल्यानं फार पूर्वी एकदा पात्यानं दाढी करून पाहिली होती. गळाभर पुरळ उठलं, श्रीमंतराव मफलर गुंडाळून ऐन उन्हाळ्यात कचेरीत गेले आणि तेव्हापासून त्यानं मशीनच धरली. मशीन फिरवली की दाढी दिसत नाही, पण असते. हात लावणाऱ्यालाच ती कळते. अक्षरा लहान असताना पप्पा पापी घ्यायला वाकले की दोन्ही हातांनी त्यांचं तोंड लांब ढकलायची, "टोचतंय, टोचतंय!" म्हणून ओरडायची. मग श्रीमंतराव तिच्या डोक्यावर ओठ टेकवून भागवायचे. पोरगी एम.एस्सी. झाली, तरी अजून डोक्यावरच भागत होतं.

आता तुम्ही म्हणाल, जन्मभर चाललं ते आत्ताच का खुपायला लागलं? तर व्याहीभेटीमुळं.

अक्षराची सोयरीक लातूरच्या सत्यमशी जुळवली ती श्रीमंतरावांच्या मेहुण्यानं, भीमरावानं. सत्यमचे वडील बापूसाहेब माने हे निवृत्त हेडमास्तर. गोरेपान, गुटगुटीत आणि रोज सकाळी घोटून दाढी करणारे. नांदेडला सुपारी फुटली, पेढे वाटले गेले आणि कुणीतरी हौशी माणूस ओरडला, "आता व्याहीभेट होऊन जाऊ द्या!" पोरीचा बाप आणि पोराचा बाप एकमेकांना कडकडून भेटले. श्रीमंतराव आनंदाच्या भरात जरा जास्तच कडकडून भेटले आणि गालाला गाल घासला गेला.

"आई गं!" बापूसाहेब एवढ्यानं ओरडले की आचारी झारा घेऊन बाहेर आला.

गाल चोळत ते म्हणाले, "ढगेसाहेब, गालाला किसणी लावून आलात की काय?" मंडळी हसली. श्रीमंतरावही हसले, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. सत्यमच्या चुलतभावानं याचा व्हिडिओ काढून दोन्ही घरांच्या ग्रुपवर टाकला.

आणि मग साखरपुड्याच्या आधी लातूरहून विहीणबाईंचा मेसेज आला. 'यांच्या गालाला पुरळ आले होते. साखरपुड्याला व्याहीभेट नुसत्या नमस्कारावर ठेवू. गैरसमज नसावा.' आता 'गैरसमज नसावा' असं लिहिलं की वाचणाऱ्याचा तो आधी होतो.

"नमस्कारावर?" श्रीमंतरावांच्या पत्नी ताराबाई कडाडल्या. "आपण काय मतं मागायला चाललोत का त्यांच्या दारात? पोटची पोरगी द्यायची आणि लांबून हात जोडायचे?"

श्रीमंतरावांनी मेसेज पुन्हा एकदा वाचला. अक्षरा हे सगळं ऐकत होती. ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "पप्पा, राहू द्या ना. नमस्कार पण चांगलाच असतो."

हे 'राहू द्या ना' श्रीमंतरावांना फार लागलं. पोरीला आपल्या बापाची लाज वाटते का? लग्नानंतर सासरी ते ग्रुपवरचं 'आई गं' ऐकून लोक हसतील तेव्हा ही कुठं बघेल? त्यांना जेवण गोड लागेना. मग त्यांनी मनाशी पक्कं केलं, की लातूरला जायचं ते गुळगुळीत होऊन. बापूसाहेबांना मिठी मारायची आणि त्यांनीच म्हटलं पाहिजे, वा ढगेसाहेब!

मग अभ्यास सुरू झाला. (लातूरवाल्यांशी गाठ होती. तिथं पोरं पाळण्यातच अभ्यासाचा पॅटर्न ठरवतात.) फोनवर दाढीचे एवढे व्हिडिओ असतात हे श्रीमंतरावांना माहीतच नव्हतं. सगळ्यांचं सांगणं एकच. राठ दाढी एका हातात निघत नाही. आधी गरम पाण्याचा टॉवेल ठेवून केस मऊ करायचे, ब्रशनं साबणाचा दाट फेस चढवायचा. मग केस जिकडं पडतात तिकडं पातं ओढायचं, ती सुलटी. मग आडवी. आणि शेवटी केसांच्या विरुद्ध बाजूनं, ती उलटी. उलटी झाली की गाल काचेसारखा. सलूनमध्येही "उलटी करू का साहेब?" असं विचारतातच. हा शब्द पुरुषांच्या कानावरून रोज जातो. बायकांच्या कानावरून जायचं काही कारण नाही, आणि इथंच सगळी मेख होती.

व्हिडिओत आणखी एक सांगितलं होतं. आपल्या केसांची दिशा ओळखा, दाढीचा नकाशा तयार करा. श्रीमंतरावांनी जन्मभर सरकारी नकाशे हाताळले होते. त्यांना हे लगेच पटलं.

साखरपुड्याच्या दिवशी सकाळी दारात क्रूझर जीप येऊन उभी राहिली. धर्माबादहून आलेले भीमराव हातात पानसुपारीची पिशवी घेऊन सगळ्यांना हाकत होते. "बिगीनं आवरा! लोहा, अहमदपूर, चाकूर, लई पल्ला हाय! लातूरची माणसं येळंची लई पक्की असत्यात!" आत श्रीमंतराव न्हाणीघरात शिरले, कडी लावली आणि ताराबाईंची काजळाची पेन्सिल काढली. (विचारून घेतली नव्हती.) आरशात बघून त्यांनी तोंडभर बाण काढले. गालावर खाली, गळ्यावर वर, भोवऱ्यांपाशी गोल गोल. नकाशा मोठा देखणा झाला. मग त्यांनी ब्रश फिरवला, दाट फेस चढवला आणि आरशात पाहिलं, तर एकही बाण दिसेना.

श्रीमंतरावांना घाम फुटला. फेस धुवावा तर बाणही धुऊन जाणार. वेळ तर नव्हताच. शेवटी आठवेल तशी सुलटी केली, देवाचं नाव घेत आडवी केली आणि उजव्या बाजूनं उलटी सुरू केली. डाव्या हातानं कातडी ताणलेली, मान वर, तोंड अर्धवट उघडं, नळ चालू. तेवढ्यात दार वाजलं.

"अहो, झालं का? गाडी कधीची उभी आहे!"

"थांब गं," श्रीमंतराव ओठ न हलवता म्हणाले, "उलटी करून राहिलो!"

"काय?"

"उलटी! उलटी!"

मग ताराबाईंचा आवाज आला, पण तो बदललेला. "किती झाल्या हो?"

श्रीमंतरावांना बरं वाटलं. संसारात पहिल्यांदाच बायको त्यांच्या दाढीची आपुलकीनं चौकशी करत होती. ते म्हणाले, "एक झाली. अजून एक करावी लागंल."

"अगं बाई! मुद्दाम करू नका! यायची असेल तर आपोआप येऊ द्या!"

"आपोआप कशी येईल? जोर लावावा लागतो. जास्त जोर लावला की मात्र रक्त येतं."

"रक्त?"

"थोडंच आलंय. उलटीत येतंच गं ते. गळ्यापाशी जरा अवघड हाय, तिथं अडकून राहिलंय."

ताराबाईंनी "भीमाऽऽ" अशी हाक मारली आणि जीपमध्ये बसलेली माणसं भराभरा उतरली. कुणी ओवा आणला, कुणी लिंबू कापलं. भीमरावांनी तिथल्या तिथं निदान केलं, "रात्रीचं वांग्याचं भरीत! मी म्हणलो व्हतो का न्हाई, तेल लई हाय म्हणून?" आणि ते दारावर थापा मारायला लागले. "दाजी! कडी काढा!"

"आत्ता नको, भीमराव! हात कापंल माझा!"

"ताई, दाजीचे हातपाय कापून राहिलेत!"

भीमराव धावत घरामागं गेले, बादली पालथी घातली, तिच्यावर चढले आणि न्हाणीघराच्या झरोक्यातून आत डोकावले. आत काय दिसलं? दाजींची मान मागं पडलेली, डोळे छताला लागलेले, तोंडाला पांढरा फेस, फेसातून रक्ताचा ओघळ आणि त्याच्याखाली गळ्यावर सगळं काळंनिळं. (ते फेसात ओघळलेलं काजळ होतं. पण भीमरावांना काजळ कसं सुचणार?)

भीमराव भावनाप्रधान माणूस. सोयरीक त्यांनी जुळवलेली, म्हणजे जबाबदारी त्यांची. त्यांनी बादलीवर उभ्या उभ्याच लातूरला फोन लावला. "बापूसाहेब, कारेक्रम जरा दमानं घ्या. दाजीला रक्ताच्या उलट्या चालू हायत. तोंडाला फेस बी आलाय. काळेनिळे पडलेत पार." एवढं बोलून फोन खिशात टाकला, पुढं आले आणि खांद्यानं दार फोडलं.

श्रीमंतरावांचं रेझर तेव्हा डाव्या जबड्यापाशी पोचतच होतं. दार आदळलं, हात उडाला आणि हनुवटीला खच्चकन लागलं.

"अरे, दाढी करून राहिलो मी!" श्रीमंतराव ओरडले.

सगळे दारात थबकले. ताराबाईंच्या हातात ओवा तसाच राहिला. "मग उलटी?"

"उलटी म्हणजे उलटा हात! पातं केसांच्या उलटं ओढायचं! सुलटी झाली, आडवी झाली, आता उलटी!"

ताराबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं, फळीवर पाहिलं आणि म्हणाल्या, "माझी काजळाची पेन्सिल!" पेन्सिलीचं टोक मोडलं होतं. त्यावरून जे बोलणं झालं असतं ते झालं नाही, कारण भीमराव मान खाजवत पुढं आले. "दाजी, जरासाक घोटाळा झाला."

त्यांनी घोटाळा सांगून पुरा केला नव्हता तोच श्रीमंतरावांचा फोन वाजला. बापूसाहेब!

"ढगेसाहेब, तब्येत कशी आहे?"

"ठणठणीत! मी दाढी करत होतो."

"दाढी करताना रक्ताच्या उलट्या झाल्या?"

"नाही हो. उलटी म्हणजे दाढीची उलटी."

मग हेडमास्तरी आवाज आला. "ढगेसाहेब, जन्म शाळेत गेला माझा. पोरांनी नाही नाही ती कारणं सांगितली मला. दाढीची उलटी हे कुणी सांगितलं नव्हतं." आणि मग आवाज खाली उतरला. "एक विचारतो, राग मानू नका. रक्ताची उलटी म्हणजे लिव्हर. तुम्ही घेता का?"

"काय घेतो?"

"घेता का?"

"चहा घेतो मी! तोही बिनसाखरेचा!"

"बरं. या तुम्ही. मग बघू."

फोन बंद झाला. श्रीमंतराव हनुवटीला टॉवेल लावून उभेच. आयुष्यात त्यांनी कधी थेंब चाखला नव्हता. कचेरीतली मंडळी पार्टीला जायची तेव्हा हे लिंबूसरबत घेऊन सगळ्यांच्या चपला सांभाळत बसायचे. आणि आज त्यांचा व्याही म्हणतो, घेता का? 'मग बघू' म्हणजे काय बघू? साखरपुडा बघू, की पोरगी परत पाठवू?

"पप्पा, काय म्हणाले ते?" अक्षरानं विचारलं. तिच्या हातावरची मेंदी कालच रंगली होती.

"या म्हणाले," श्रीमंतराव म्हणाले. खोटं नव्हतं, पण अर्धं होतं.

जीप निघाली. लोहा मागं पडलं. जीपमध्ये गाण्याच्या भेंड्या सुरू झाल्या, आणि श्रीमंतराव आपले खिडकीपाशी बसून एकदा उजवा गाल चाचपायचे, एकदा डावा. उजवा गाल लोण्यासारखा झाला होता. डाव्या गालाची उलटी राहिली होती. हात फिरवला की खर्रकन वाजायचं. आता गेल्या गेल्या मिठी मारायची तर उजवीकडून मारावी लागणार. आणि बापूसाहेब नेमके डावीकडून आले तर? मुळात मिठी मारतील का? दारुड्याला कोण मिठी मारतं? श्रीमंतरावांचं सगळं अंग कडक झालं, नुसती दाढीच नव्हे. शेवटी त्यांच्यानं राहवेना आणि त्यांनी ताराबाईंच्या कानात सगळं सांगितलं. डाव्या गालाचं सांगितलं आणि 'मग बघू'चंही सांगितलं.

ताराबाईंनी डोळे मोठे केले. त्या आता बोलणार, म्हणून श्रीमंतराव खाली बघत बसले. पण ताराबाई पुढं वाकल्या आणि म्हणाल्या, "भीमा, हॉटेल दिसलं की गाडी थांबव. ह्यांची उलटी करून घ्यायचीय."

अहमदपूरच्या अलीकडं एका चहाच्या हॉटेलासमोर जीप थांबली. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर श्रीमंतरावांना बसवलं. हॉटेलवाल्यानं चहाच्या भट्टीवरचं गरम पाणी दिलं आणि चहा प्यायला आलेली गिऱ्हाइकं खुर्च्या वळवून बसली. ताराबाईंनी पदर खोचला, बरोबर घेतलेलं दाढीचं सामान काढलं, नवऱ्याच्या गालावर फेस चढवला आणि रेझर हातात घेतलं. बाण नाहीत, व्हिडिओ नाही. श्रीमंतरावांनी डोळे मिटले. ज्या बाईच्या काजळाच्या पेन्सिलीचं टोक आपण मोडलं तिच्याच हातात पातं आणि आपला गळा, हा विचार काही केल्या जाईना.

"गाल फुगवा," ताराबाई म्हणाल्या.

"तुला येतं का पण?"

"बोलू नका. बोललात की कापेल."

त्यांनी डाव्या हातानं श्रीमंतरावांचं नाक धरून तोंड वळवलं, अंगठ्यानं केस कुठून कुठं जातात ते चाचपलं आणि खालून वर पातं ओढलं. मग पुन्हा. मध्येच पुटपुटल्या, "घेता का म्हणे! माझ्या नवऱ्याला विचारतो, घेता का! आज मिठी मारायला लावते की नाही बघा." श्रीमंतरावांचं नाक धरलेलं असल्यामुळं त्यांना काही बोलता आलं नाही, पण छाती भरून आली.

तुरटी लावली तेव्हा ते उडालेच. भीमरावांनी खिशातून आफ्टरशेव्हची बाटली काढली. ताराबाईंनी ती मागं लोटली. "ठेव ती खिशात! दारूसारखा वास येतो तिला."

अक्षरा जवळ आली. तिनं वडिलांच्या गालावरून बोट फिरवलं. मग तळवा फिरवला. आणि मग आपला गाल त्यांच्या गालाला लावला. "पप्पा, टोचत नाही!"

श्रीमंतरावांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "तुरटी चांगलीच झोंबते," ते म्हणाले. त्यांना वाटलं, आता लातूर आलं नाही तरी चालेल.

पण लातूर आलं. मंगल कार्यालयाच्या दारात पाहुण्यांना फेटे बांधले जात होते. श्रीमंतरावांना खास जरीचा, टोपीसारखा शिवलेला तयार फेटा मानानं चढवला. तो चढवताना लोक त्यांच्या डोळ्यांत वाकून वाकून बघत होते, पिवळेबिवळे आहेत का म्हणून. विहीणबाईंनी पाण्याचा ग्लास हातात दिला आणि तो पिऊन होईपर्यंत त्या त्यांच्या बोटांकडं बघत राहिल्या. भीतीनं बोटं थरथरत होतीच. विहीणबाईंनी आपल्या जावेकडं बघून डोळ्यानं काहीतरी सांगितलं. बातमी आख्ख्या कार्यालयात पोचली होती.

तेवढ्यात आतून बापूसाहेब आले आणि श्रीमंतरावांच्या तोंडचं पाणी पळालं. बापूसाहेबांनी दाढी वाढवली होती! आखूड, पांढरी आणि ताठ, आयुष्यात पहिल्यांदाच उगवलेली.

"पप्पा, तुमच्यासाठीच आहे ती," सत्यम हळूच म्हणाला. "आई म्हणत होती नमस्कार करा. बाबा म्हणाले, व्याहीभेट म्हणजे व्याहीभेट, मी सोडणार नाही. गालाला आडोसा म्हणून वाढवलीय."

म्हणजे हा माणूसही मिठीसाठी तयारी करूनच आला होता. श्रीमंतरावांना गहिवरून आलं. पण 'मग बघू' अजून डोक्यात होतंच. माइकवाला ओरडला, "आता व्याहीभेट!" मोबाईल वर झाले. बापूसाहेबांनी हात पसरले आणि श्रीमंतरावांनी डोळे मिटून स्वतःला त्यांच्या स्वाधीन केलं.

सुलटी, आडवी, उलटी अशी तिन्ही झालेला, तुरटी लावलेला कोवळा गाल आणि त्यावर ते पांढरे खुंट! श्रीमंतरावांच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. ओरडायचं नाही, त्यांनी दात आवळले. पोरगी बघतेय. सोडतील आत्ता. पण बापूसाहेब सोडेनात. श्रीमंतरावांना कानापाशी सूं सूं असा आवाज आला आणि मग त्यांना समजलं. व्याही त्यांचा वास घेत होते! उजवीकडून घेतला. मग खात्री करायला तोंड घासत डावीकडं आले.

"आई गंऽऽ!"

माइक समोरच होता. लहान लेकरं रडायला लागली. बापूसाहेबांनी मिठी सोडली, मंडळींकडं वळले आणि प्रार्थनेनंतर सूचना द्यावी तशा खणखणीत आवाजात म्हणाले, "वास नाही! पुढचं चालू करा!"

आणि सगळं चालू झालं. सनई लागली, अंगठ्या घातल्या, विहीणबाईंनी ताराबाईंच्या तोंडात पेढा कोंबला. ताराबाई नवऱ्याच्या लालबुंद गालाकडं बघून पदराआड हसत होत्या. अक्षराही हसत होती, पण तिनं येऊन वडिलांचा हात घट्ट धरला. श्रीमंतरावांना त्या दिवशी दुसरं काही नको होतं.

दुसरं मात्र मिळालं. भलता संशय घेतला म्हणून बापूसाहेबांना वाईट वाटत होतं, आणि हेडमास्तरांना वाईट वाटलं की ते वाढायला उभे राहतात. "ढगेसाहेब, बासुंदी घ्या." श्रीमंतरावांनी घेतली. पोट चांगलं आहे हे आता साऱ्या लातूरला दिसायला हवं होतं. "अजून घ्या." घेतली. गुलाबजाम आले, घेतले. भजी आली. "नको म्हणालात तर मी समजेन, की सकाळचं ते खरं होतं," बापूसाहेब हसत म्हणाले. झालं! श्रीमंतराव नको कसे म्हणणार? पुन्हा बासुंदी आली.

परतीला निघताना ऊन कललं होतं. मानाचा फेटा मांडीवर घेऊन श्रीमंतराव मागच्या सीटवर बसले होते. चाकूरपर्यंत सगळं ठीक होतं. अहमदपूरच्या पुढं खड्डे सुरू झाले, तशी आतली बासुंदी हलायला लागली. कपाळावर घाम आला. त्यांनी खिडकी ढकलून पाहिली. ती जाम होती.

"भीमराव, गाडी थांबवा," ते बारीक आवाजात म्हणाले.

"कामून दाजी?"

"उलटी…"

जीपमध्ये हशाचा असा काही स्फोट झाला की ड्रायव्हरही हसायला लागला.

"खरंच… उलटी…"

ताराबाईंनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. "आता गुळगुळीत आहे की हो. अजून केलीत तर कातडी निघेल."

"घरी गेल्यावर करा दाजी," भीमराव पुढून म्हणाले. "गाडी लई हादरून राहिली, उगं गळाबिळा कापंल. आरसा बी न्हाई इथं."

श्रीमंतरावांनी एकदा बायकोकडं पाहिलं, एकदा मेहुण्याकडं पाहिलं, आणि मग मांडीवरचा व्याह्यांनी मानानं दिलेला जरीचा फेटा उलटा केला.